झिरो माईलवरून दोन्ही टोकांना

नागपूरच्या माणसाला झिरो माईलचे घोडे दिसत नाहीत. विधानभवनाजवळ चार घोडे आणि वालुकाश्माचा एक खांब रोज उभे असतात आणि आपण सिग्नलकडे बघत पुढे निघतो. तेवीस वर्षं मीही तशीच ऑफिसला गेले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी तर्री पोहे खाऊन आम्ही दोघं मुद्दाम तिथे थांबलो आणि मी पहिल्यांदा तिथलं लिखाण वाचलं. १९०७ सालचा सर्वेक्षणाचा बेंचमार्क, समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट. खांबाच्या बाजूंवर गावांची नावं आणि मैल: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९. श्रीनगर नाही, कन्याकुमारी नाही. अहो म्हणाले, "ही दोन आपण लिहू."

नागपुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेला श्रीनगरला जातो आणि दक्षिणेला कन्याकुमारीला. २०१० मध्ये नंबर बदलला तरी आमच्या तोंडी तो अजून 'सात नंबर'च आहे. एका दमात पूर्ण करायचा तर महिनाभराची रजा हवी. ती मिळणार नव्हती. म्हणून दोन हप्ते केले: ऑक्टोबरमध्ये उत्तर, जानेवारीत दक्षिण.

गाडी चालवायची मी. अहोंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते हायवेवर चालवत नाहीत. मी स्टिअरिंग हाती धरलं तेच एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास पचमढीचा. त्यामुळे "कशाला बापा, विमानानं जा ना" हे वाक्य आम्ही महिनाभर ऐकलं, त्यातलं निम्मं माझ्याच मनाकडून.

आधी कागद. मी केंद्र सरकारी कर्मचारी आहे, तेव्हा अर्जित रजेचा अर्ज आणि त्यासोबत मुख्यालय सोडण्याची परवानगी. एलटीसीत, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीत, बसेल का म्हणून विचारलं, तर स्वतःच्या गाडीचा खर्च त्यात मिळत नाही. हे आधीच विचारून घ्या. आमच्याच ऑफिसात एकांनी प्रवास करून आल्यावर बिल लावलं आणि सहा महिने पत्रव्यवहार केला. गाडी २०१९ ची, पेट्रोलवर चालणारी. पीयूसी नोव्हेंबरात संपत होती, ती सप्टेंबरातच नवी काढली. विमा, आरसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये होतेच, तरी प्रत्येकाची एक छापील प्रत डॅशबोर्डात टाकली. ती दोनदा उपयोगी पडली, दोन्ही वेळा नेटवर्क नव्हतं.

फास्टॅगनं मात्र घाम काढला. त्या काळात तीन ते पाच वर्षं जुन्या टॅगची केवायसी ३१ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करायची आणि पाच वर्षं झालेले टॅग बदलून घ्यायचे, असा नियम आला होता. आमचा टॅग पाच वर्षांच्या उंबरठ्यावर. बँकेच्या ॲपवर आरसीचा फोटो चार वेळा नाकारला गेला. शेवटी लक्षात आलं की पुढची आणि मागची बाजू एकाच फोटोत टाकत होते. वेगवेगळे टाकल्यावर दोन दिवसांत काम झालं. या खटाटोपात अकरा दिवस गेले. टॅग बंद पडला तर तेव्हा प्रत्येक नाक्यावर रोखीनं दुप्पट भरावे लागत, म्हणून हे काम निघायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

अहोंनी एक वही केली, 'थांबे' असं नाव घालून. तिचे दोन नियम. ठिकाण महामार्गापासून पंधरा किलोमीटरच्या आत हवं आणि तिथे किमान एक तास द्यायचा. नुसता फोटो काढून पळायचं असेल तर थांबायचंच नाही. तिसरा नियम आग्र्यात लिहिला गेला. तो ओघात येईलच.

दसरा १२ ऑक्टोबरला होता. दीक्षाभूमीची गर्दी ओसरू दिली आणि सोमवारी, १४ तारखेला पहाटे साडेपाचला निघालो. मनसर, देवलापार, आणि मग पेंचचं जंगल. हा आमचा पहिला थांबा, आणि तिथे थांबायचंच नसतं. महाराष्ट्राच्या हद्दीत वाघ, चितळ, रानकुत्रे रस्त्याखालून जावेत म्हणून महामार्ग नऊ ठिकाणी उचललेला आहे. सर्वांत लांब भुयारी मार्ग ७५० मीटरचा. आपण वरून जातो, तेव्हा पुलाखेरीज काही दिसत नाही. पण खाली या क्षणी कोण चाललं असेल हा विचार खवासा येईपर्यंत डोक्यात राहिला. ही जागा वहीत अहोंनीच लिहिली होती, 'न पाहता पाहायची' अशा शेऱ्यासह.

शिवनी, लखनादौन, आणि बरमानला नर्मदा. पुलाच्या अलीकडे गाडी लावून घाटावर उतरलो, पाय बुडवले. रात्री सागरला मुक्काम. पहिल्या दिवशी चारशे किलोमीटर झाले आणि माझी मान आखडली. दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी दहा मिनिटं चालायचं, हे ठरलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

झाशीचा किल्ला दुपारी दोनच्या उन्हात पाहिला, ही चूक. वीरसिंह देवांनी १६१३ मध्ये बांधलेला हा किल्ला पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी वाढवला. कडक बिजली तोफ दारातच आहे. राणीनं घोड्यावरून उडी घेतली म्हणतात ती जागा वरच्या तटावर दाखवतात. मी खाली डोकावले आणि दोन पावलं मागे आले. तिथल्या एका शाळेच्या सहलीतली मुलगी मॅडमना विचारत होती, "घोडा बचा क्या?" मॅडमनी उत्तर दिलं नाही. मलाही देता आलं नसतं.

ग्वाल्हेरला दोन रात्री. मानमंदिर, तानसेनची कबर, फुलबागेतली राणीची समाधी हे सगळे बघतातच. आमचा जीव अडकला तो चतुर्भुज मंदिरात. ते इतकं लहान आहे की समोरून लोक निघून जातात. इ. स. ८७६ च्या तिथल्या शिलालेखात देवाला दिलेल्या फुलबागेची मापं कोरली आहेत, २७० हात बाय १८७ हात, आणि रोजच्या ५० माळांची सोय. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, जरा लहान आणि गोल. जगातल्या सर्वांत जुन्या लिखित शून्यांपैकी ते एक. मैलाच्या शून्यापासून निघून हिशेबाच्या शून्यापाशी आलो म्हणून अहो एवढे खूश झाले की पुजाऱ्यांना त्यांनी झिरो माईलचा फोटोच दाखवला. सूचना एकच: गाड्या उरवाई दरवाजानं वर जातात आणि हे मंदिर त्या वाटेवर नाही. पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाजातून पायी चढायला लागा, वाटेत लागतं.

१६ तारखेला कोजागरी होती. हॉटेलवाल्याला सांगून दूध आटवून घेतलं, नागपूरहून आणलेला मसाला घातला आणि गच्चीवर बसलो. समोर किल्ल्यावर चंद्र. त्या रात्री आम्हाला एक गोष्ट माहीत असती तर पुढचे दोन दिवस वेगळे गेले असते.

१७ ला, गुरुवारी, मुरैना सोडल्यावर चंबळ ओलांडली. दोन्ही बाजूंना मातीचे बेहड, म्हणजे खोल घळी, खाली नदी स्वच्छ, निळसर. दुपारी आग्र्यात पोचलो. बेत असा की संध्याकाळी आराम आणि शुक्रवारी पहाटे ताजमहाल. हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "आंटी, कल तो फ्रायडे है." ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. हे मला शाळेपासून माहीत होतं. पण वहीत वार लिहिलेले नव्हते, नुसत्या तारखा होत्या.

त्याच मुलानं वर मीठ चोळलं. पौर्णिमेच्या मागे-पुढे दोन-दोन दिवस, अशा पाच रात्री ताज चांदण्यात पाहायला उघडा असतो, साडेआठ ते साडेबारा, अर्ध्या तासाच्या तुकड्या, तुकडीत पन्नासच माणसं. शुक्रवार आणि रमजान वगळून. गुरुवारची रात्र उघडी होती, पण तिकीट एक दिवस आधी काढावं लागतं. म्हणजे आम्ही ग्वाल्हेरच्या गच्चीवर दूध पीत होतो, त्याच दिवशी. अहो रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मग वही उघडून लिहिलं: 'नियम ३. प्रत्येक ठिकाणासमोर वार, सुट्टी, तिकीट किती दिवस आधी.' आणि पुढच्या सगळ्या पानांवर वार भरत बसले.

शुक्रवार फुकट गेला असं मात्र म्हणणार नाही. सकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून ताज मागून पाहिला. नंतर आग्र्याचा किल्ला, सगळी दुपार. शहाजहानला कोंडलं होतं त्या अष्टकोनी मुसम्मन बुरुजातून तोच ताज नदीच्या वळणावर लहानसा दिसतो. आणि मराठी माणूस तिथे जे शोधतो तेही शोधलं: १२ मे १६६६ चा दरबार, आणि त्याच ऑगस्टात महाराजांची सुटका. अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आमच्यासारखेच कोल्हापूरचे एक कुटुंब तिथे उभं होतं. त्यांचाही शुक्रवार चुकला होता. भरपूर हसलो.

शनिवारी पहाटे ताज. तिकीट ऑनलाइन, भारतीयांना ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं तर आणखी २००. ते २०० द्या. संगमरवरातली जडवाची फुलं जवळून पाहिल्याशिवाय बाकी सगळं आपण कॅलेंडरवर पाहिलेलंच असतं. गाडी दूर लावावी लागते, पुढे बॅटरीची रिक्षा. खाऊ आत नेता येत नाही. आमचा चिवडा लॉकरमध्ये राहिला आणि परत येताना विसरलाही.

दिल्लीत शिरलोच नाही. पलवलजवळ शहराला वळसा घालणारा ईस्टर्न पेरिफेरल महामार्ग धरला आणि कुंडलीला बाहेर पडलो. (तुमची गाडी डिझेलची आणि दहा वर्षांवरची असेल तर त्या भागाचे नियम आधी नीट वाचा.) पेट्रोलचं एक लक्षात ठेवा: मध्य प्रदेशात लीटरला शंभराच्या बरंच वर, उत्तर प्रदेश-हरियाणात पंचाण्णवच्या आसपास. आम्ही आग्र्यात टाकी भरली.

रविवार, २० ऑक्टोबर, पानिपत. काला अंब शहराबाहेर शेतांमध्ये आहे. कुंपण, बाग, मध्ये विटांचा स्मारकस्तंभ. ते काळं पडलेलं आंब्याचं झाड आता नाही. सकाळचे आठ, आमच्याशिवाय दोन म्हातारे फिरायला आलेले. भाताची कापणी चालू होती, लांबून ट्रॅक्टरचा आवाज. १४ जानेवारी १७६१ ला इथे पानिपतची तिसरी लढाई झाली. 'पानिपत झालं' आणि 'संक्रांत कोसळली' हे आपण परीक्षेच्या निकालालाही म्हणतो. तिथे उभं राहिल्यावर ते शब्द तोंडून निघेनात. 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या' हे पत्रातलं वाक्य अहो पुटपुटले आणि खुर्द्यापाशी थांबले. राखणदारानं आमच्या गाडीची पाटी पाहून विचारलं, "महाराष्ट्र से? जनवरी में आते हैं आपके लोग, बहुत सारे." त्यानं नळावर नेऊन पाणी दिलं. एक तासाचा नियम होता, आम्ही दोन तास होतो.

करनालजवळ एक कोसमिनार पाहिला. मुघलांच्या काळातला झिरो माईल म्हणा, दर कोसाला एक, सुमारे तीस फूट उंच. अंबाल्यानंतर महामार्गच बंद. हरियाणा-पंजाबच्या शंभू सीमेवर फेब्रुवारीपासून शेतकरी आंदोलनाला बसलेले होते, मध्ये पोलिसांच्या सिमेंटच्या भिंती. नकाशा सरळ जायला सांगत होता. पंपावरच्या सरदारजींनी सांगितलं, "डेराबस्सी, जिरकपूर, बनूड, राजपुरा." तसं केलं. दीड तास जास्त गेला. लांबच्या प्रवासात नकाशापेक्षा पंपावर विचारलेलं बरं, हे मला तिथून पुढे रोज पटत गेलं.

रात्री जालंधरच्या हॉटेलात टीव्हीवर बातमी: काश्मीरमध्ये गगनगीरला बोगद्याच्या कामगारांच्या तळावर गोळीबार, एक डॉक्टर आणि सहा कामगार ठार. मुलीचा फोन आला, मग दिराचा, मग ऑफिसातल्या मैत्रिणीचा. सगळ्यांचं एकच, परत फिरा. आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. शेवटी ठरलं की महामार्ग सोडायचा नाही, सोनमर्ग रद्द, श्रीनगरात दोनच दिवस, आणि जम्मूला पोचल्यावर पुन्हा विचार करायचा. मी त्या रात्री नीट झोपले नाही. हे लिहिते आहे कारण अशा लेखांत ही रात्र कोणी लिहीत नाही.

लखनपूरला रावी ओलांडून जम्मू-काश्मीरमध्ये शिरलो तसा अहोंचा मोबाइल मेला. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच चालतं. माझं पोस्टपेड होतं म्हणून निभावलं. जम्मूत हॉटेलवाल्यानं आणखी एक गोष्ट शिकवली: वाहतूक पोलीस रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची सूचना काढतात, कोणत्या बाजूनं किती वाजेपर्यंत गाड्या सोडणार ते. ती वाचल्याशिवाय निघायचं नाही.

२२ तारखेला पहाटे पाचला जम्मू सोडलं. चेनानी-नाशरी बोगदा ९ किलोमीटरहून लांब. आत शिरताना हात घामेजले, अर्ध्यात सवय झाली. बाहेर आल्यावर पीडा नावाच्या गावात राजमा-चावल, वर तूप आणि अनारदान्याची चटणी. सकाळी दहाला ते खाऊन पुढे रामबनचा पट्टा. एकीकडे डोंगर उकरलेला, दुसरीकडे खोल चिनाब, मध्ये धूळ आणि ट्रक. रामबन ते बनिहाल जेमतेम चाळीस किलोमीटरला तीन तास लागले. मी ओव्हरटेक केलाच नाही. मागचे हॉर्न वाजवत, मी ऐकत नव्हते.

मग बनिहाल-काझीगुंड बोगदा, साडेआठ किलोमीटर, आणि पलीकडे एकदम सपाट दरी, पिवळी-तांबूस झालेली झाडं. संगमला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रिकेटच्या बॅटींसाठी कापलेल्या विलोच्या फळ्यांच्या भिंतीच्या भिंती रचलेल्या. अवंतिपूरला नवव्या शतकातलं अवंतिवर्म्याचं मंदिर अगदी महामार्गाला लागून, पडकं, भव्य, त्या दिवशी जवळजवळ रिकामं. आणि पांपोर. केशर ऑक्टोबरच्या अखेरीस फुलतं हे वाचलं होतं, पण आपण तेव्हाच पोचू असं ठरवून आलो नव्हतो. जांभळी फुलं जमिनीलगत, बायका ओणव्या होऊन वेचताहेत. एका आजींनी फूल उघडून आतले तीन लाल तंतू दाखवले. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. मी एक ग्रॅम घेतलं आणि भाव केला नाही.

लाल चौकातल्या घंटाघरासमोर अहोंनी वहीत 'श्रीनगर' लिहिलं आणि समोर आमच्या ओडोमीटरचा आकडा, आडवाटा आणि वळसे धरून २०९४ किलोमीटर. दोन दिवस नसीम बागेतले लाल चिनार, निशात, दल. २५ ला परत फिरलो, कुठेही न रेंगाळता, आणि २८ ला, वसुबारसेच्या रात्री दहाला घरी. फराळ त्या वर्षी विकतचा.

उत्तरेचा हिशेब: पेट्रोल सुमारे २५ हजार, टोल ६,८००, राहणं-खाणं ४१ हजार, एक पंक्चर.

दक्षिणेच्या वेळी मी शहाणी झाले होते, म्हणून त्याचं सांगण्यासारखं कमी आहे. पोंगलची गर्दी टाळून १७ जानेवारी २०२५ ला निघालो. हिंगणघाट, पांढरकवडा, मग पैनगंगा ओलांडली की तेलंगण. निर्मळला पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी घेतली, सोनजवळ गोदावरीला नमस्कार केला. चारमिनारपाशी ओडोमीटर पाहिला, पाचशेच्या थोडा वर. खांबावरचे ३१८ मैल म्हणजे ५१२ किलोमीटर. इंग्रजांचा हिशेब अजून जमतो. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद, आम्ही शनिवारी गेलो. वहीचा नियम तिसरा.

हैदराबादच्या पुढे लोक थेट बंगळुरू गाठतात. त्यांचं अलंपूर राहून जातं. कृष्णा ओलांडल्यावर अलंपूर चौरस्त्याहून आत वळा. बदामीच्या चालुक्यांची सातव्या-आठव्या शतकातली नवब्रह्म मंदिरं, तुंगभद्रेच्या काठी. जवळच कूडवेल्लीचं संगमेश्वर मंदिर आहे; श्रीशैलम धरणात बुडणार म्हणून ते मूळ जागेवरून दगड-दगड सुटा करून इथे पुन्हा उभारलं. मी सांध्यांवरून हात फिरवत बसले. कळत नाही.

गुत्तीचा किल्ला कर्नूल आणि अनंतपूरच्या मध्ये, रस्त्यावरूनच दिसतो. मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांचं हे ठाणं. १७७६ मध्ये हैदरअलीनं घेतलं. सकाळी सातला चढायला लागा, सावली नाही, वर पाणी नाही. माथ्याच्या टोकावर मुरारराव बसत असं सांगतात ती छोटी छत्री आहे. तिथून खाली गाव, रेल्वे, आणि आपण आलो तो रस्ता. त्या दिवशी वर आम्ही दोघं आणि शेळ्या राखणारा एक मुलगा. आम्ही मुरारराव म्हटल्यावर तो म्हणाला, "मोरारी राव, मोरारी राव," आणि छत्रीकडे बोट दाखवलं. तेलुगू-मराठीत आमचं एवढंच संभाषण झालं.

लेपाक्षी कोडिकोंडा नाक्यावरून आत, पंधराच्या नियमाला थोडा ताण देऊन. एका दगडातला नंदी, सव्वाआठ मीटर लांब, आणि वीरभद्र मंदिराच्या छतावर विजयनगरकालीन चित्रं. सगळे लोंबत्या खांबाखालून रुमाल ओढत असतात. ओढा, मीही ओढला, पण मान वर करून चित्रं पाहायला विसरू नका.

धर्मपुरीहून सेलमला उतरताना थोप्पूरचा घाट लागतो. उतार सौम्य वाटतो आणि तिथेच जड ट्रकांचे ब्रेक जातात. दुसऱ्या गिअरमध्ये, डावीकडे, आणि ट्रकच्या पुढे-मागे मोकळी जागा ठेवून. रामबनपेक्षा मला इथे जास्त भीती वाटली, कारण रस्ता चांगला होता.

नमक्कलला रस्त्याच्या कडेनं ट्रकांचे सांगाडे बांधत असतात आणि गावात अठरा फुटांचा हनुमान छताविना, उघड्या आभाळाखाली उभा. मदुराईला दुपारी एकला पोचलो. मीनाक्षी मंदिर साडेबारा ते चार बंद असतं, हे वहीत लिहिलेलं होतं. तो वेळ तिरुमलै नायक महालात आणि जिगरठंडा पिण्यात घालवला. मोबाइल मंदिरात नेता येत नाही, तेव्हा तो गाडीत राहू दे, बाहेरच्या रांगेत अर्धा तास जातो. कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की मात्र घ्याच. आमची लोणावळ्याची निष्ठा तिथे डळमळली.

पनगुडीच्या पुढे पवनचक्क्या सुरू झाल्या. वारा इतका की गाडी हलत होती. २३ जानेवारीला संध्याकाळी कन्याकुमारी.

शुक्रवारी, २४ ला, विवेकानंद शिलेच्या बोटीची रांग. सातला उभे राहिलो, नऊला बोट मिळाली. वृद्धांनी पाण्याची बाटली आणि टोपी न्यावी. शिलेवरच्या स्मारकाच्या आत अहो एका जागी बराच वेळ थांबले. विवेकानंदांनी इथे डिसेंबर १८९२ मध्ये ध्यान केलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण हे स्मारक ज्यांनी उभं केलं ते एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, शिकले नागपुरात. त्यांनी ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, लोकांकडून रुपया-रुपया जमवला आणि १९७० मध्ये काम पुरं केलं. आमच्याच सात नंबरनं खाली आलेला माणूस, असं अहो म्हणाले. खरं तर ते कोणत्या रस्त्यानं आले हे त्यांना कुठून ठाऊक असणार, पण मी दुरुस्त केलं नाही.

तिथून तिरुवल्लुवरांच्या १३३ फुटी पुतळ्याकडे काचेचा पूल आहे. ३० डिसेंबरलाच उघडलेला, ७७ मीटर. पायाखाली समुद्र फुटत होता. रामबनचा घाट चालवून आलेली मी, पुलाच्या मधोमध अहोंचा हात धरून उभी राहिले आणि एका लहान मुलानं मला ओलांडून पुढे काचेवर उडी मारली.

दक्षिणेचा खर्च थोडा कमी आला: पेट्रोल २२,५००, टोल ५,६००, राहणं-खाणं ३४ हजार. परतीला चार दिवस. २८ जानेवारीला संध्याकाळी घरी जाण्याआधी झिरो माईलला थांबलो. अहोंनी वही खांबावर ठेवून दोन्ही आकडे लिहिले. श्रीनगर २०९४. कन्याकुमारी १८१७. मैलांत करायचं राहिलंय.

वहीत एकच पान अर्धं कोरं आहे, आग्र्याचं. परतल्यावर त्यांनी २०२५ चं कालनिर्णय काढून पाहिलं. कोजागरी ६ ऑक्टोबरला होती. सोमवार.